गाडी सकाळी बसलेली दिसली की लगेच कंप्रेसर बदलू नका

एअर सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणाऱ्या यंत्रणेचा, कंप्रेसर बदलला, वर्ष-दीड वर्षात पुन्हा गेला, आणि आता गॅरेजवाला परत नवीन टाकायला सांगतोय. ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी कंप्रेसरकडे बघत नाही, गाडीच्या चार कोपऱ्यांकडे बघतो. कंप्रेसर आपणहून क्वचितच मरतो. कुठेतरी हवा गळत असते आणि ती भरून काढता काढता तो थकतो. अशा वेळी नुसता कंप्रेसर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवा कंप्रेसर टाकल्यावर गाडी झटकन उचलते, गिऱ्हाईक खूश होतं, गळती मात्र होती तिथेच राहते. मग नव्याचीही तीच गत होते.

पुण्या-मुंबईच्या सेकंडहँड बाजारात आता जुन्या मर्सिडीज, ऑडी क्यू ७, डिस्कव्हरी, रेंज रोव्हर भरपूर दिसतात. घेताना लोक इंजिन, गिअरबॉक्स, टायर सगळं बघतात, पण रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी कशी दिसते हे बघायला कुणी जात नाही. खरं तर एअर सस्पेन्शनचं अर्धं निदान तिथेच होतं.

निदानाकडे वळण्याआधी यंत्रणा थोडी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. कंप्रेसर म्हणजे १२ व्होल्टची मोटर आणि तिने चालणारा छोटासा पिस्टन. त्यात तेल नसतं. पिस्टनची रिंग टेफ्लॉनच्या जातीची असते आणि सिलिंडरमध्ये कोरडीच घासते. दाबलेली हवा पुढे ड्रायरमधून जाते. ड्रायर म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेला डबा. तिथून हवा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये येते आणि चार बेलोंकडे, म्हणजे प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगच्या जागी असलेल्या रबरी हवेच्या पिशव्यांकडे, वाटली जाते. बऱ्याच गाड्यांत सोबत एक टाकीही असते, म्हणजे गाडी उचलायला दर वेळी कंप्रेसर चालवावा लागत नाही.

आता यातली खुबी अशी की गाडी खाली करताना बेलोतली हवा त्याच ड्रायरमधून उलट्या दिशेने बाहेर सोडली जाते. ही कोरडी हवा जाताना दाण्यांतला ओलावा सोबत घेऊन जाते आणि ड्रायर पुन्हा कामाला तयार होतो. यंत्रणा बंदिस्त असेल तर हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. पण बेलोला बारीक चीर पडली की हवा ड्रायरमधून परत न जाता चिरेतून बाहेर निघून जाते. कंप्रेसर पुन्हा पुन्हा बाहेरची दमट हवा ओढतो, दाण्यांना पाणी मिळत राहतं, वाळायची संधी मात्र मिळत नाही. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हे किती वेगाने होत असेल याची कल्पना करा. दाणे भिजतात, मग फुटून त्यांची पांढरी भुकटी होते. ती भुकटी व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते, ओलाव्याने व्हॉल्व्ह ब्लॉक आतून गंजू लागतो, आणि जास्त चालून चालून पिस्टनची रिंग झिजते. एका चिरेमुळे तीन महागडे पार्ट जातात. म्हणून मी गळतीच्या मागे इतका लागतो.

रात्रीची चाचणी

यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लागत नाही. मेजर टेप, कागद आणि पेन पुरे.

गाडी सपाट जागी लावा, नेहमीच्या उंचीवर असू द्या. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त असली तर आकडा फसवतो. चारही आकडे लिहून ठेवा आणि सकाळी गाडीचं दार उघडण्याआधी पुन्हा मोजा. दार उघडण्याआधी हे महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच गाड्यांत दार उघडताच सस्पेन्शनचा कंट्रोल युनिट जागा होतो आणि उंची सारखी करायला लागतो. मग तुमची रात्रभरची चाचणी वाया.

अजून एक फसवणूक असते. काही गाड्या उभ्या असताना अधूनमधून स्वतःच जाग्या होतात, सगळ्यात खाली गेलेला कोपरा शोधतात आणि बाकीचे तीन कोपरे त्याच्या पातळीला आणतात. लँड रोव्हरच्या गाड्यांत हे हमखास दिसतं. सकाळी मालकाला चारही बाजूंनी बसलेली गाडी दिसते आणि त्याला वाटतं सगळीच यंत्रणा गेली. प्रत्यक्षात गळती एकाच कोपऱ्यात असते. म्हणून पहिल्या रात्री जशी आहे तशी मोजा आणि दुसऱ्या रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून मोजा. फ्यूज काढल्यावर सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात, कोपरे एकमेकांचं ऐकत नाहीत, आणि गळका कोपरा एकटाच खाली बसतो.

एकच कोपरा बसला तर त्या कोपऱ्याचा बेलो, त्याची नळी किंवा नळीचा जोड बघायचा. फ्यूज काढूनही एका एक्सलचे दोन्ही कोपरे सारखेच उतरले तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर जातो. चारही बाजूंनी पाऊण-एक सेंटीमीटर सारखी उतरली असेल आणि रात्री थंडी पडली असेल तर घाबरू नका. दुपारच्या ३५ अंशांवरून पहाटे १५ अंशांवर तापमान आलं की बेलोतल्या हवेचं आकारमान सहा-सात टक्क्यांनी कमी होतं. गाडीचं वजन तेवढंच असतं, त्यामुळे दाब बदलत नाही, उंची मात्र उतरते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हे दर वर्षी दिसतं. त्यात बिघाड काही नाही.

आणि सकाळी गाडी मोजमापाला बरोबर उभी असेल, पण वर उचलायला सांगितल्यावर उचलत नसेल, किंवा चार माणसं बसल्यावर मागून दबून तशीच राहत असेल, तर मग कंप्रेसरकडे वळायला हरकत नाही.

साबणाचं पाणी

एक कोपरा बसतोय हे कळलं की स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घाला. नळीचा प्रत्येक जोड, बेलोची वरची आणि खालची कड, रबराची घडी, सगळीकडे फवारा आणि थांबा. बारीक गळती लगेच दिसत नाही. दोन-तीन मिनिटांनी पांढरा फेस जमायला लागतो. फवारून लगेच पुसणारा माणूस गळती सापडत नाही म्हणून कंप्रेसरवर खापर फोडतो.

पुढच्या शॉकअपवर बेलोभोवती रबराचं धुळीचं कव्हर असतं. ते वर सरकवल्याशिवाय घडी दिसतच नाही. आणि घडी गाडीच्या उंचीप्रमाणे सरकते. कोल्हापूरकडून आलेल्या एका मोठ्या सात सीटरचं उदाहरण देतो. नवा कंप्रेसर पावसाळ्यानंतर गेला होता. नेहमीच्या उंचीवर सगळे जोड कोरडे, फेसाचा पत्ता नाही. गाडी सगळ्यात खालच्या उंचीवर नेली आणि पुढच्या डाव्या बेलोचं कव्हर वर केलं तेव्हा घडीच्या आतल्या बाजूने मोहरीएवढे बुडबुडे ओळीने यायला लागले. रबराला आडव्या बारीक चिरा पडल्या होत्या. नेहमीच्या उंचीवर त्या घडीत दाबल्या जात, गाडी खाली आली की उघडत. म्हणजे हायवेवर वेगात गाडी आपोआप खाली झाली की गळती सुरू आणि हळू चालताना बंद. त्यामुळे नेहमीची, वरची आणि खालची अशा तिन्ही उंचीवर साबण मारा.

मागच्या बेलोंना घडीत चिखल आणि खडी बसते. आधी नुसत्या पाण्याने धुवा, मग तपासा. प्रेशर वॉशरचा फवारा रबरावर जवळून धरू नका.

इथे एक गोष्ट फार मनापासून सांगतो. गाडी खाली असताना टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घालू नका. खिशात चावी असलेल्या कुणीतरी दार उघडलं की गाडी हलू शकते, आणि दोन-अडीच टनांचं धूड हाताला थांबत नाही. गाडी उचलण्याआधी मेनूमधला जॅक मोड चालू करा, तो नसेल तर सस्पेन्शनचा फ्यूज काढा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, चांगले स्टँड लावा. भरलेल्या बेलोची नळी पान्याने सैल करू नका. आत ६ ते १० बार दाब असतो आणि टाकीत त्याहूनही जास्त.

आता कंप्रेसर

तो कुठे बसवलेला आहे ते आधी शोधा. काही गाड्यांत पुढच्या बंपरमागे असतो, काहींत स्टेपनीच्या खड्ड्यात, तर काहींत चासीच्या कडेला खाली प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. इंजिन चालू ठेवून गाडी वर उचला आणि ऐका. चांगला कंप्रेसर एकसुरी घुरघुरतो. खडखड, मध्येच ओढल्यासारखा आवाज किंवा सुरू होताना अडखळणं ऐकू आलं तर बेअरिंग किंवा पिस्टन गेलाय. पण हेही बघा की कंप्रेसरखालचे रबरी गुटके तुटले असले तरी सुदृढ कंप्रेसर बॉडीला आपटून भयंकर आवाज करतो. गुटके काही शेकड्यांत येतात आणि कंप्रेसर हजारांत, तेव्हा गुटके आधी.

मुळीच आवाज नसेल तर क्रमाने जा. बॅटरी अशक्त असेल तर कंट्रोल युनिट कंप्रेसर चालवायलाच नकार देतो, म्हणून पहिली तपासणी बॅटरीची. मग फ्यूज, बहुतेक ठिकाणी ३० किंवा ४० अँपिअरचा. मग रिले, म्हणजे कंप्रेसरचा करंट चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या जागी तसाच दुसरा रिले लावून बघा. त्यानंतर कंप्रेसरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा आणि कंप्रेसर चालण्याचा आदेश असतानाच मोजा. बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा एखाद्या व्होल्टने कमी मिळालं तर चालेल. ९-१० व्होल्ट मिळत असतील तर वायर, अर्थिंग किंवा कनेक्टर जळालेला आहे, कंप्रेसरचा दोष नाही. पूर्ण व्होल्टेज मिळूनही मोटर गप्प असेल तर कार्बन ब्रश संपलेत. मोटरवर हलकं ठोकलं आणि ती फिरायला लागली तर निदान पक्कं झालं. ठोकून चाललेली मोटर किती दिवस चालेल हे विचारू नका, गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरता तो उपाय आहे.

मोटर चालते पण गाडी उचलत नाही, हा प्रकार जास्त फसवा. इथे क्लॅम्प मीटर कामाला येतो. कंप्रेसरच्या वायरभोवती लावा आणि करंट बघा. चालता कंप्रेसर साधारण २० ते ३० अँपिअर घेतो, गाडीप्रमाणे थोडा फरक पडतो. करंट बराच कमी आणि गाडी उचलत नाही, म्हणजे पिस्टन हलका फिरतोय, रिंग झिजली आहे आणि हवा बाजूने परत निसटते आहे. करंट खूप जास्त असेल तर पिस्टन अडकतोय किंवा पुढचा रस्ता तुंबलाय. भिजून गोळा झालेला ड्रायर हे त्याचं नेहमीचं कारण.

तिसरी शक्यता माणसं विसरतात. कंप्रेसरलाच जोडलेला एक हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रायरची भुकटी त्यात अडकली की तो पूर्ण बंद होत नाही, आणि कंप्रेसर एका बाजूने भरतो ती हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. कंप्रेसर चालू असताना बाहेर सोडायच्या नळीपाशी बोट धरा. सतत हवा लागत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. तो उघडून साफ करता येतो, पण भुकटी आली कुठून हे विसरू नका. ड्रायरचे दाणे न बदलता नुसता व्हॉल्व्ह साफ केला तर काम पुन्हा निघणार.

गाडी एकदा झटकन उचलली म्हणून कंप्रेसर चांगला, असंही समजू नका. पहिल्यांदा टाकीतली हवा वापरली जाते. गाडी तीन-चार वेळा वर-खाली करा, टाकी रिकामी होऊ द्या, मग वेळ बघा. स्कॅनर असेल तर टाकीचा दाब चालू आकड्यांत दिसतो. इंजिन चालू असताना टाकी भरेपर्यंत तो सतत चढत राहिला पाहिजे. चढता चढता एका आकड्यावर अडकला आणि थोड्या वेळाने कंप्रेसर गरम होऊन बंद पडला, तर कंप्रेसर थकलाय यात शंका नाही. डिस्कव्हरी ३ आणि त्या काळातल्या रेंज रोव्हर स्पोर्टवर स्कॅनरवर सी१ए२० हा बिघाडाचा कोड येतो, त्याचा अर्थ एवढाच की टाकी भरताना दाब फार हळू वाढतोय. पण तो कोड गळतीनेही येतो. कोड वाचून कंप्रेसरची ऑर्डर देणारा मेकॅनिक तुमचे पैसे घालवतो.

उंची मोजणाऱ्या सेन्सरची छोटी प्लास्टिकची दांडी निखळली तरी गाडी एका बाजूने वेडीवाकडी उभी राहते आणि कंप्रेसर उगाच चालत राहतो. चाकामागे टॉर्च मारून बघायला मिनिट लागतं, ते बघूनच टाका.

रिलेबद्दल वेगळं सांगायला हवं

कंप्रेसर जितक्या वेळा सुरू होतो तितक्या वेळा रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते. गळकी गाडी दिवसात अनेकदा कंप्रेसर सुरू करते, टोकं जळतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटून बसतात. मग चावी काढली तरी कंप्रेसर चालूच. सकाळी बॅटरी मेलेली आणि कंप्रेसर जळालेला. गाडी बंद केल्यावर खालून घुरघुर थांबत नसेल तर उद्यावर ढकलू नका, लगेच रिले किंवा फ्यूज उपटा. नव्या कंप्रेसरसोबत नवा रिले टाकायलाच हवा. हजारो रुपयांचा कंप्रेसर टाकून काहीशेंचा रिले वाचवणं मला पटत नाही, आणि कंप्रेसर दुसऱ्यांदा जाण्याचं हेच एक मोठं कारण आहे.

दुरुस्ती की नवीन

मोटर चांगली असेल आणि फक्त रिंग झिजली असेल तर रिंगचा किट टाकून काम होतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख फिरवून बघा, ओरखडा लागत असेल तर नुसत्या रिंगने भागणार नाही. किट टाकताना ड्रायरचे दाणेही बदला. खूप चाललेल्या कंप्रेसरचे ब्रशही संपत आलेले असतात, अशा वेळी किटचे पैसे वाया जातात. माझं मत असं की गळती बंद केली असेल, गाडीचं वय कमी असेल आणि मोटरचा आवाज स्वच्छ असेल तरच किट टाकावा.

नवीन घेताना हे लक्षात ठेवा की गाडीची कंपनी कंप्रेसर स्वतः बनवत नाही. मर्सिडीजच्या एअरमॅटिक नावाच्या एअर सस्पेन्शनसाठी वॅबकोने बनवलेले कंप्रेसर आले, लँड रोव्हरला आधी हिताची आणि पुढे एएमके. मूळ बनवणाऱ्याचाच पार्ट गाडीच्या कंपनीच्या खोक्याशिवाय घेतला तर स्वस्त पडतो. मात्र डिस्कव्हरीत हिताची काढून एएमके टाकला तर कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअरही अद्ययावत करावं लागतं. ते केलं नाही तर नवा कंप्रेसर लावूनही कोड येत राहतात आणि बिचाऱ्या पार्टवाल्याशी भांडण होतं.

कुर्ल्याच्या बाजारातला काढीव, म्हणजे जुन्या गाडीतून काढलेला, कंप्रेसर घेऊ नका. इतर काढीव पार्ट मी स्वतः वापरतो, बंपर असो की दिवे. पण ज्या पार्टचं आयुष्य किती चालला यावरच ठरतं आणि ते बाहेरून दिसत नाही, तो काढीव घेण्यात अर्थ नाही.

बसवताना हवा ओढायच्या नळीचा फिल्टर नवा टाका आणि नळीचं तोंड कुठे उघडतं ते बघा. चिखलाच्या जागी उघडत असेल किंवा नळी निसटलेली असेल तर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल. हवेच्या प्लास्टिक नळ्या कापताना धारदार ब्लेडने काटकोनात सरळ कापा. पकडीने चेचून कापलेलं टोक जोडात नीट बसत नाही आणि आपणच नवी गळती तयार करतो. जोड शक्यतो नवे वापरा.

गाडी वाटेत बसली तर तशीच दामटू नका. टायर मडगार्डला घासून फाटतो. इंजिन चालू ठेवून थोडा वेळ थांबा, थंड झालेला कंप्रेसर कधी कधी पुन्हा उचलतो. उचलली तर हळू जा. नाही उचलली तर गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा, हुक लावून ओढू नका.

सगळं काढून साध्या स्प्रिंगा टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. गाडी फार जुनी असेल आणि चारही बेलो गेले असतील तर खर्चाच्या हिशेबाने ते समजू शकतं, पण गाडीची चाल बदलते आणि डॅशबोर्डवरचा इशारा गप्प करायला वेगळी खटपट करावी लागते. एका बेलोच्या चिरेसाठी पूर्ण यंत्रणा उपसू नये.

गॅरेजमधून नवा कंप्रेसर टाकून गाडी घरी आणली की त्याच रात्री फ्यूज काढून चारही कोपरे पुन्हा मोजा. आठवड्याने परत मोजा. कुठलाही एक कोपरा बोटभर उतरला असेल तर कागद घेऊन गॅरेजमध्ये परत जा आणि आधी गळती दाखवायला सांगा.